वेगळा वस्तरा

नवा रेझर दुकानातून आणला की लोक पुडी फोडतात आणि सरळ गालाला लावतात. मला ते बघवत नाही. नवा म्हणजे स्वच्छ, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. गंज लागू नये म्हणून कारखान्यातच त्याला तेलाचा हात दिलेला असतो. त्या तेलावर धूळ बसते, आणि दुकानदारानं तो चार गिऱ्हाइकांच्या हातात देऊन दाखवलेला असतो. एका पठ्ठ्यानं तर माझ्यादेखत तो गालावर फिरवून बघितला आणि ‘हलका हाय’ म्हणून परत ठेवून दिला. मी नवा रेझर आणला की आधी त्याचे भाग सुटे करतो. गरम पाण्यात भांड्याची पावडर टाकून भिजत घालतो, दात घासायच्या जुन्या ब्रशनं फटीफटीतून घासतो, मग उकळतो, चिमट्यानं काढतो आणि धुतलेल्या फडक्यावर वाळवतो. पातं लावायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवतो. बायको म्हणते, तुम्ही दाढी करता का ऑपरेशन?

बीडमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या काचा पुसून देणं हाच धंदा, त्यामुळं ही सवय तिथूनच लागली असेल असं सगळ्यांना वाटतं. मीही कुणाला खोडून काढत नाही. खरं कारण माझा थोरला भाऊ.

दादा ट्रक चालवायचा. आमचं गाव तलवाड्याच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला, पण दादाचा मुक्काम जास्त करून हायवेवरच्या मांजरसुंब्यालाच असायचा. तिथल्या धाब्यावर जेवायचं, गाडीतच झोपायचं, सकाळी लिंबाखाली बसणाऱ्या माणसाकडून दाढी करून घ्यायची आणि गाडी काढायची. दाढीच्या बाबतीत तो मोठा शौकीन. अंगातला शर्ट चार दिवसांचा असेल, पण गाल मात्र गुळगुळीत. घरी आला की आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, दाढीही तोच करायचा. आबा अंगणात बाजेवर मान वर करून बसायचे आणि दादा त्यांच्या हनुवटीला दोन बोटांनी धरून हलकेच रेझर ओढायचा. आबांना माझ्या हातची दाढी कधी पटली नाही. ‘तू काच पुसल्यासारखा घासतोस’ म्हणायचे.

मग एका वर्षी दादा सारखा दमायला लागला. जेवण जाईना, डोळे पिवळे झाले. गावातल्या रीतीप्रमाणं आधी काविळीची माळ घालून झाली. डोक्यावर ठेवलेली माळ उतरत उतरत गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. दादाची माळ उतरली, कावीळ काही उतरली नाही. शेवटी मी त्याला ओढत बीडला आणलं, रक्त तपासलं, आणि पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, निघाली. डॉक्टर म्हणाले, आजार जुना दिसतोय, लिव्हर कडक झालंय, आता आहे ते सांभाळायचं. कुठून आला, असं मी विचारलं. ते म्हणाले, सुईतून, रक्तातून, वस्तऱ्यातून, आईच्या पोटातूनसुद्धा येतो. आता ते शोधून काय करणार?

गावाला मात्र ते शोधायला अजिबात वेळ लागला नाही. ड्रायव्हर माणूस, रस्त्यावरची रात्र, आणखी काय सांगायला पाहिजे? दादाच्या कानावर हे आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मांजरसुंब्याला लिंबाखाली दाढी करून घेत हुतो, तेवढंच माझं पाप.”

मी घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासून घेतली. कुणालाच काही निघालं नाही. वहिनी, माझी बायको, पोरं, मी, सगळ्यांनी लस घेतली. गावात गेलो की पारावर बसून मी लोकांना समजावून सांगायचो. एका ताटात जेवल्यानं हा रोग होत नाही. शेजारी बसल्यानं, हात हातात घेतल्यानं होत नाही. मुख्य म्हणजे रक्तातून जातो. म्हणून दादाचा रेझर वेगळा, ब्रश वेगळा, नेलकटर वेगळं, एवढं पाळलं की बास. लोक मान हलवायचे. पण माझ्या सांगण्यातलं त्यांनी एवढंच उचललं, की याचं सगळं वेगळं असतं. बाकीचं जेवण, शेजार, हात, ते सगळं पारावरच सांडलं.

पहिला नकार गावातल्या सलूनवाल्यानं दिला. त्याला दोष देववत नाही. तो बिचारा दुकानातून बाहेर रस्त्यावर आला आणि हात जोडून उभा राहिला. म्हणाला, “दादा, तुमी आत आला की बाकीचे उठून जातेत हो. माझं दुकान बसंल.” दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, मधेच थांबवला आणि खाली घेतला. तो हात मी बघितला. त्या दिवसापासून दादा माणसांना हात लावताना आधी विचार करायला लागला.

नंतर तो बीडला माझ्याकडं आला, तेव्हा आम्ही जुन्या बाजारात गेलो. तिथं एक म्हातारे चाचा चटईवर कुलपं, कंदील, नळाच्या तोट्या असलं काहीबाही मांडून बसायचे. दादाला त्यात पितळी रेझर दिसला. जड, जुना, हिरवा पडलेला. “पितल का है भाई, आपके बाद पोता घिसेगा,” चाचा म्हणाले. मी म्हणालो, दादा, नवा घेऊ, हा कुणाचा कोण, काय माहीत. पण दादाचं मन त्या पितळेवर बसलं होतं. घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी गावाकडं, दादाच्या घरी, त्या रेझरवर मी अख्खी सकाळ घालवली. त्याचे तीन भाग सुटे केले तर आतल्या दातऱ्यांत साबणाचा दगड झालेला, आणि त्यात कुणाच्या तरी दाढीचे बारीक पांढरे केस. वहिनीनं तोंडाला पदर लावला. गरम पाणी दोनदा बदललं तेव्हा तो साबण सुटला. टाचणीनं फटी कोरल्या. हिरवा थर लिंबाच्या फोडीनं काढला आणि लगेच धुतला, कारण लिंबू जास्त वेळ राहिलं की पितळ खातं. कपडे धुवायचं ब्लीच त्याला लावायचं नसतं, पितळ काळं पडतं. म्हणून पातेल्यात खळखळ उकळला, मग स्पिरिट. दादा बाजूला स्टुलावर बसून माझी गंमत बघत होता.

“मेलेल्या माणसाचा असंल बे कुणातरी.”

“असू दे. आता त्याचं काही राहिलं नाही ह्यात.”

“त्याला काय रोग होता कुणाला ठाव,” दादा म्हणाला. “पर मी त्याला भ्यायचं कावून? आता माझाच रोग त्याला व्हायचा.”

आम्ही दोघं हसलो. वहिनी हसली नाही. पातेलं कुठं ठेवायचं, एवढंच तिनं विचारलं. त्यात पुन्हा चहा करणार नव्हती ती.

दादानं आबांची दाढी करणं त्याच सुमारास बंद केलं. हात थरथरतो म्हणाला. हात त्याचा तेव्हा चांगला स्थिर होता. आबा अंगणात बाजेवर मान वर करून बसायचे आणि दादा घरात काहीतरी शोधत राहायचा. मी सुटीच्या दिवशी जाऊन त्यांची दाढी करायचो, ते डोळे मिटून सहन करायचे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी दादाला बोलावलं आणि म्हणाले, “थोरला हायस. माझं सगळं तूच करायचं. वस्तरा बी पयला तुझ्याच डोक्यावर फिरला पायजे, ध्यानात ठेव.” दादानं मान डोलावली. आबांना रोगाचं सगळं माहीत होतं. ते काय बोलत होते हे त्यांना कळत होतं.

आबा गेले उन्हाळ्याच्या तोंडावर. अग्नी दादानंच दिला. तेव्हा कुणी काही बोललं नाही. मढं दारात असताना माणसं इतका पुढचा विचार करत नाहीत. पण दहाव्याच्या आधी भावकी जमली. आमचे काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, मधे बसले आणि बाकीचे भिंतीला टेकून.

आमच्याकडं दहाव्याला भावकीतले सगळे पुरुष नदीवर जातात. ज्यानं अग्नी दिला त्याचं डोकं आधी भादरतात, मग वयाच्या मानानं ओळीनं एकेकाचं. न्हावी एक, पाण्याची वाटी एक, आणि वस्तराही तोच ओळीतून पुढं सरकत जातो. आता सगळ्या वस्तऱ्यांना अर्धं पातं बसवायची सोय असते, पण तेही दोन-तीन डोक्यांमागं एकदा बदललं तर बदललं. आजवर कुणी त्याच्याकडं बघितलं नव्हतं. आता सगळे बघायला लागले होते.

काका म्हणाले, “मला वाईट वाटतंय बोलाया. पर पयला वस्तरा ह्याच्या डोक्यावरून फिरला की तोच माझ्यावर येणार. मग पोरासोरांवर. एक तर ह्यानं शेवटी बसावं, न्हाईतर धाकट्यानं क्रिया करावी.”

धाकटा म्हणजे मी. माझा संताप संताप झाला. थोरला जिवंत, शेजारी बसलेला, अग्नी दिलेला, आणि याला शेवटी बसवायचं? किंवा मी त्याच्या जागेवर जाऊन बसायचं? मी दादाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. मग म्हणाला, “आबानं मला सांगितलंय.” एवढंच. आयुष्यात त्यानं भावकीपुढं कधी काही मागितलं नव्हतं. आता हे एकच मागत होता, की बापाच्या दहाव्याला आपल्याला आपल्या जागेवर बसू द्यावं.

मग मी दादाचं वकीलपत्र घेतलं. म्हणालो, दादासाठी मी कोरा वस्तरा आणतो, तो फक्त त्याच्यावर चालेल. बाकीच्यांना न्हाव्याचा वस्तरा, पण प्रत्येक डोक्याला नवं पातं. पाण्याच्या वाट्या दोन. दादाचा वस्तरा त्याच्यापुरताच, दुसऱ्या कुणाला लागणारच नाही. मग हरकत काय? काका बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसले. शेवटी म्हणाले, “तू शिकलेला हायस. तुझ्यावर इश्वास ठेवून बसतो.”

बीडला जाऊन मी वस्तरा आणला, पात्यांचा बॉक्स आणला, कापूस, स्पिरिट, सगळं. घरी आल्यावर त्या नव्या वस्तऱ्याचं तेल काढलं, घासला, उकळला, वाळवला आणि स्वच्छ डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवला. न्हावी गावातलाच, दुकानासमोर हात जोडणारा. त्याला सगळं दोनदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, “तुमी म्हणाल तसं. माझं बी मन खात होतं हो.” त्या दिवशी मला खरंच वाटलं की आपण जमवलं. माणसं वाईट नसतात, त्यांना भीती असते, आणि भीती उकळत्या पाण्यात मरते, असलं काहीतरी मी बायकोला फोनवर सांगितलंसुद्धा.

दहाव्याला आम्ही सकाळीच नदीवर गेलो. पात्रात पाणी बेताचं होतं, वाळूच जास्त. सगळे उघड्या अंगानं, खांद्यावर पंचे टाकून ओळीनं बसले. पहिल्या जागेवर दादा. त्याचं पोट तेव्हा फुगायला लागलं होतं आणि हातपाय काड्या झाले होते, पण तो ताठ बसला होता. ओळीतला पहिला माणूस म्हणून बसणं त्याला शोभत होतं. शेजारी काका. मधे एका माणसाची जागा मोकळी होती, ती कुणी ठरवून सोडली नव्हती, पण सुटली होती.

न्हाव्यानं माझ्यासमोर डबा उघडला, दादाचा वस्तरा काढला, पातं अर्धं मोडून बसवलं. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणं. दादानं मान पुढं केली. केस पडायला लागले. बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्या माणसाचा हात त्याच्या डोक्याला लागत होता. त्यानं डोळे मिटले होते. मला आबा आठवले.

शेवटी कानामागं जरासं लागलं. जरासंच, पण दादाचं रक्त आता लवकर थांबायचं नाही, लिव्हर खराब झालं की तसं होतं. मानेवरून बारीक धार उतरली. न्हाव्यानं पेटीतून तुरटीचा खडा घेतला, पाण्यात बुडवला आणि जखमेवर चोळला. मी कापूस दिला, दादानं तो दाबून धरला. वापरलेलं पातं मी बाटलीत टाकलं, टोपण घट्ट लावलं आणि दादाची वाटी रिकामी करायला वाळूत जरा लांब गेलो. तिथं खड्डा करून ते पाणी ओतलं, त्यावर ब्लीचचं पाणी ओतलं, वाळू लोटली. स्वतःवर मी तेव्हा फार खूश होतो.

आता तुरटीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडं तुरटी म्हणजे औषध. गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवली की पाणी निवळतं. तोंड आलं की तिच्याच पाण्यानं चूळ भरायची. दाढी झाली की गालावर तीच फिरवायची. जी गोष्ट सगळं साफ करते तिला स्वतःला घाण लागेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. न्हाव्याच्या पेटीतला खडा वर्षानुवर्षं तोच असतो, झिजून बोटाएवढा झाला तरी फिरत राहतो. पात्यावर आम्ही एवढा काथ्याकूट केला, वाट्या वेगळ्या केल्या, आणि तुरटीचं नाव ना काकांनी काढलं, ना न्हाव्यानं, ना मी.

काकांचं डोकं होत आलं होतं. न्हाव्यानं त्यांना नवं पातं उजेडात धरून दाखवलं होतं, काकांनी समाधानानं मान हलवली होती. त्यांनाही टाळूवर ओरखडा आला. न्हाव्याचा हात सवयीनं पेटीत गेला. खडा पाण्यात बुडाला. काकांनी डोकं पुढं केलं.

“काका,” दादा म्हणाला. “ती तुरटी लावून घिऊ नका. माझ्या रगताची हाय.”

आवाज मोठा नव्हता. तरी मी तिकडं लांब खड्ड्यापाशी होतो तिथपर्यंत आला. न्हाव्याचा हात वरच्या वर थांबला. खडा काकांना लागला नव्हता. बोटभर अंतर राहिलं होतं. काकांनी डोक्याला हात लावला, हात बघितला. हातावर रक्त होतं, त्यांचं स्वतःचंच. ते उठले. त्यांच्यामागून शेजारचा उठला, मग त्याच्या पलीकडचा. कुणी ओरडलं नाही, कुणी दादाला बोल लावला नाही. पंचे झटकून माणसं उठत गेली आणि वरच्या अंगाला बाभळीखाली जाऊन उभी राहिली. वाळूवर एकटा दादा राहिला, कापूस दाबून, पहिल्या जागेवर. पण आता दुसरी जागाच उरली नव्हती.

न्हाव्यानं घाबरून तो खडा लांब फेकला, तो नेमका नदीत पडला. “अहो, तिथं माणसं आंघोळ करतात!” मी ओरडलो. आता हसू येतं. त्या क्षणी मला नदीवर ओरडणं सोपं वाटलं असेल.

कुणीतरी फोन करून तलवाड्याहून दुसरा न्हावी बोलावला. तो मोटारसायकलवर आला आणि बाभळीखाली सगळ्यांची डोकी भादरली. माझं डोकं आमच्याच न्हाव्यानं केलं, नव्या पात्यानं. पिंडाला कावळा लगेच शिवला. कावळ्याला भावकीसारखा विचार करावा लागत नाही. लोक म्हणाले, आबांची काही इच्छा राहिली नव्हती. मी म्हणालो, हो.

घरी जाताना मी दादावर चिडलो. सगळी रात्र तो राग मी आतल्या आत शिजवत बसलो असतो, त्यापेक्षा तेव्हाच बोललेलं बरं वाटलं.

“गप बसला असतास तर काय झालं असतं? मी येऊन न्हाव्याला बाजूला घेतलं असतं, खडा गुपचूप बदलला असता.”

“तू खड्ड्यापाशी होतास बे.”

“हाक मारायची मला.”

“तवर लागली असती की.” मग थोडं चालून तो म्हणाला, “लई हौस हुती रे मला. बसलो बी हुतो. पर काकाला झालं असतं तर?”

त्याच्या जागी मी असतो तर मी तसंच बोललो असतो, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. काका नंतर बीडला येऊन रक्त तपासून गेले. काही निघालं नाही. माझ्या दुकानात बसून चहा घेत म्हणाले, थोडक्यात वाचलो बघ. कुणामुळं वाचलो, हे त्यांच्या तोंडून आलं नाही, आणि मीही काढून घेतलं नाही.

त्या दिवसानंतर दादानं स्वतःभोवती रिंगण आखून घेतलं. आधी गाव त्याला लांब ठेवत होतं, आता तोच गावाला लांब ठेवायला लागला. स्वतःची भांडी स्वतः घासायचा. मी हजारदा सांगितलं की भांड्यातून होत नाही. “तुझ्या पुस्तकात तुरटी हुती का?” तो विचारायचा. नारायणगडाच्या जत्रेला पहिल्यापासून जायचा, त्या वर्षी गेला नाही. गर्दीत कुणाला खरचटलं-बिरचटलं तर, म्हणाला. वहिनीला पुन्हा तपासणी करून घ्यायला लावली. नातवाला, मुलीच्या पोराला, त्यानं कधी मांडीवर घेतलं नाही. पोराला लस दिलेली होती. ते पोर त्याच्याकडं झेप घ्यायचं आणि हा दाराआड व्हायचा.

मला राग यायचा तो याचाच. रोग रक्तात होता, तिथं तो आपलं काम करत होता, ते ठीक. पण स्वच्छतेचं जे जे मी त्याला शिकवलं, ते सगळं त्यानं स्वतःविरुद्ध वापरलं. मला वाटायचं मी त्याला माणसांत परत आणायचा रस्ता शिकवतोय. त्यानं त्या रस्त्यावरून उलटं चालायला सुरुवात केली.

पुढं पोटात पाणी भरायला लागलं. बीडला दवाखान्यात आणून पाणी काढायचं, चार दिवस बरं वाटायचं, परत भरायचं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता न्यायचं तिथं न्या, आम्ही करतोय ते चालू ठेवू. मी विचारलं, काहीच नाही का? ते म्हणाले, बघूया. डॉक्टर ‘बघूया’ म्हणतात तेव्हा त्यांनी बघून झालेलं असतं.

आता दादाचा हात खरोखरच थरथरत होता. पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. दाढी वाढली, पांढरी, खुरटी. त्याला ती अजिबात सहन होत नव्हती. उशीवर गाल घासत राहायचा, खाज सुटायची. दवाखान्यात बाहेरून एक माणूस यायचा, रुग्णांची दाढी करायला. सगळ्यांची करायचा. मी त्याला बोलावलं. दादानं त्याच्याकडं न बघता मान भिंतीकडं फिरवली.

“त्याला पुढच्या खाटांवर जायचं हाय,” म्हणाला. “नको.”

“तो नवं पातं लावेल. मी उभा राहतो इथं.”

“नको म्हणलं ना.”

तो माणूस पुढच्या खाटेकडं गेला. मी खाली जाऊन औषधाच्या दुकानातून फेकायचा प्लास्टिकचा रेझर आणला, साबणाची ट्यूब आणली, हातमोजे आणले. वर आलो. पाणी गरम करून घेतलं. वहिनीनं त्याला उशीला टेकवून बसवलं. मी हातमोजे चढवले आणि त्याच्यासमोर बसलो. वयाच्या पन्नाशीत मी पहिल्यांदाच थोरल्या भावाची दाढी करायला बसलो होतो.

“मी करतो,” म्हणालो. “मी लस घेतलीय. तुला माहीत आहे.”

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळे पार पिवळे. गाल पुढं करेना. मला वाटलं, नाहीच म्हणतोय. मी रेझर खाली ठेवायला लागलो, तेवढ्यात त्यानं माझा उजवा हात धरला. पांघरुणातून दुसरा हात काढला. आणि अंगठ्यापासून सुरुवात करून माझं एकेक बोट त्यानं डोळ्यांजवळ नेलं, मोजा ताणून बघितला, शेंड्याला दाबून बघितला, कुठं भोक तर नाही ना म्हणून. त्या थरथरत्या हातांना फार वेळ लागला. उजवा झाला, मग डावा मागितला. वहिनी खिडकीकडं गेली.

दहाही बोटं तपासून झाल्यावर त्यानं हात सोडले आणि माझ्यासमोर गाल केला.